पन्नास पुंगळ्या आणि एक टॉर्च

ती घटना आठवली की आजही माझा हात शर्टाच्या डाव्या खिशाकडे जातो. नोकरीत असताना तिथे माझी नोटबुक असायची. त्या प्रकरणाचा उलगडा त्या नोटबुकमध्येच झाला, आणि तो झाला नसता तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटलं आहे.

शेवटची काही वर्षं मी लीड्सला पोलिसांच्या बंदूक परवाना विभागात होतो. इंग्लंडात साध्या माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, पण पिस्तुलाचीच जाडजूड काडतुसं घेणारी रायफल परवान्यावर मिळते. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली की आम्ही घरी जायचो. कपाटाचं कुलूप बघायचं, रायफलीवरचा नंबर कागदाशी ताडायचा, काडतुसं मोजायची आणि बोलता बोलता माणूस जोखायचा. कुलपं बहुतेकांची चांगलीच असतात. जोखायचा असतो तो माणूस.

माझ्या यादीत एक मराठी डॉक्टर होते. मूळचे पुण्याचे, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून उभं आयुष्य काढलेले, आता निवृत्त. रविवारी क्लबात जाऊन नेम धरायचा, हा त्यांचा एकच शौक. काडतुसं ते गॅरेजमध्ये स्वतः भरत. परवाना असेल तर त्यात बेकायदा काही नाही. क्लबाच्या शेजाऱ्यांनी कौन्सिलकडे आवाजाची तक्रार केल्यापासून ते मंद काडतुसं करू लागले होते. गोळी वजनदार, पण वेग आवाजाच्या वेगाहून कमी, त्यामुळे हवेत तो कडाड असा फटका उमटत नाही. यात एक मेख असते. काडतुसाची पितळी पुंगळी चांगली मोठी आणि तिच्यात बंदुकीची दारू अगदी तळाशी, चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी ओसंडत नाही, वरवर बघून कळतही नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं असतं. डॉक्टर ते न चुकता करत. भरायला बसले की दार बंद, फोन बंद, आणि काकूंनीसुद्धा हाक मारायची नाही असा घरचा नियम होता.

एका रविवारी सकाळी डॉक्टरांनी आपली रायफल आणि आपलीच काडतुसं क्लबातल्या मित्राला चालवून बघायला दिली. हा मित्र इलेक्ट्रिशियन, अस्सल यॉर्कशरचा. तिसऱ्या बाराला रायफल फुटली. त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. रुग्णवाहिका येईपर्यंत डॉक्टरांनीच आपल्या स्कार्फने त्याचा हात आवळून धरला होता.

दोन दिवसांनी विभागात एक फोन आला. क्लबाचाच कोणीतरी सदस्य होता, नाव सांगायला तयार नव्हता. म्हणाला, इलेक्ट्रिशियनही घरी काडतुसं भरतो आणि जास्त दारू घालायची त्याला खोड आहे. त्या दिवशी त्याने डॉक्टरांच्या डबीत स्वतःची काडतुसं मिसळली असणार. अशा फोनवर फार विसंबू नये, पण तो कचऱ्यातही टाकता येत नाही. ते खरं निघालं असतं तर बोटं गमावून वर दोषही त्या बिचाऱ्याच्याच माथी आला असता. खोटं निघालं तर तो डॉक्टरांच्या माथी येणार होता.

मी हॉस्पिटलात जाऊन त्याचा जबाब घेतला. उशीला टेकून बसला होता. डॉक्टरांच्या डबीला आपण हातही लावला नाही, एवढंच त्याने शांतपणे सांगितलं आणि डॉक्टर कसे आहेत, हे मलाच विचारलं. खोटं बोलणारा माणूस सहसा दुसऱ्याची चौकशी करत नाही. मी ते लिहून घेतलं, पण पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता.

डबीत उरलेली काडतुसं तपासणीला पाठवली. वजन करून काही कळेना, कारण गोळ्यांच्या आणि पुंगळ्यांच्या वजनातच दारूच्या चिमटीपेक्षा जास्त फरक असतो. शेवटी एकेक काडतूस उघडावं लागलं. एकात दारू बरोबर दुप्पट निघाली. पुंगळी, गोळी, दारू, सगळं डॉक्टरांच्याच सामानाशी जुळलं. इलेक्ट्रिशियन वेगळ्याच जातीची दारू वापरायचा. तो सुटला.

डॉक्टर स्वतःहून चौकशीला आले, टाय लावून. मी त्यांना कामानिमित्त ओळखतो हे साहेबांना आधीच कळवलं होतं. तेवढी ओळख चालेल, असं ते म्हणाले. शेजारी एक महिला कॉन्स्टेबल होती, टेप चालू होती, आणि बोलण्याची सक्ती नाही वगैरे सगळं मी वाचून दाखवलं. चौकशी अर्थात इंग्रजीत झाली.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. भोकं पाडलेल्या ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करतो, ओळीने दारू घालतो, मग टॉर्च मारतो, हे त्यांनी ऑपरेशनची तयारी सांगावी तसं क्रमाने सांगितलं. चाळीस वर्षं डोस मोजले, एकदाही हात चुकला नाही, असंही म्हणाले.

मी विचारलं, “त्या दिवशी टॉर्च मारला होता?”

“नाही. हाताशी नव्हता.”

“कुठे होता?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आठवत नाही.”

“काम मध्येच थांबलं होतं का? कोणी आलं होतं?”

“नाही,” ते म्हणाले. “कोणी आलं नव्हतं.”

इतक्या वर्षांत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. ते स्वतःला वाचवायला बोलतात. डॉक्टर खोटं बोलत होते हे मला कळलं, कोणासाठी ते कळेना. समोर डबीच्या लेबलाचा फोटो होता. त्यांच्या नेटक्या अक्षरात भरल्याची तारीख होती. मी सवयीने खिशातून नोटबुक काढली आणि पानं उलटली. त्या तारखेला मीच डॉक्टरांच्या घरी गेलो होतो.

वेळ अकराची ठरली होती. आधीची एक भेट रद्द झाली म्हणून मी सव्वादहालाच पोचलो. कोणा इंग्रजाच्या घरी असा गेलो नसतो. गाडीत बसून राहिलो असतो, निदान फोन तरी केला असता. पण आपलीच माणसं, त्यात काय विचारायचं, असं म्हणून गॅरेजचं बाजूचं दार ढकललं आणि हाक मारली, “काय डॉक्टर, येऊ का आत?” डॉक्टर हातातलं काम टाकून उठले. “अहो, या या, वेळेवर आलात,” म्हणाले. काकूंनी चहा टाकला, पोहे केले. वरच्या खोलीत कपाटात अंधार होता, रायफलीचा नंबर दिसेना, म्हणून डॉक्टरांनी खालून टॉर्च आणून दिला. नंबर उतरवून घेतला आणि तो टॉर्च मी कपाटावर ठेवला. मी ठेवला. मग लीड्समधल्या मराठी मंडळावर आणि पुण्यातल्या ट्रॅफिकवर तासभर गप्पा मारून निघालो. डॉक्टर गॅरेजमध्ये परतले असणार ते ओळीत कुठवर आलो होतो हे विसरून.

मी नोटबुक मिटली. खरं तर टेप चालू असतानाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. चौकशी संपल्याची वेळ टेपवर सांगितली आणि बटण बंद केलं. आलेल्या पाहुण्याकडे बोट दाखवायचं नाही म्हणून तो म्हातारा माणूस कायद्यासमोर खोटं बोलला, आणि मी गणवेश घालून ते चालवून घेतलं.

 तिसऱ्या दिवशी साहेबांना लेखी कळवलं, की त्या सकाळी डॉक्टरांचं काम मोडून आत गेलो तो मीच. प्रकरण दुसऱ्याकडे गेलं, आणि शेवटी साहेब म्हणाले की घरभेट हे आपलं कामच आहे, दारूची जबाबदारी भरणाऱ्याची. कागदोपत्री ते बरोबरच होतं. डॉक्टरांवर खटला झाला नाही. त्यांनी परवाना आणि सगळं सामान आपणहून जमा केलं. इलेक्ट्रिशियनने त्यांना कधी दोष दिला नाही, पण डॉक्टर त्याला भेटायला गेले की त्याच्या हाताकडे बघायचं टाळत, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते पोलिसांच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हतं. परक्याच्या दारात आपण सांभाळून वागतो. आपल्या माणसाच्या दारात तेवढीही काळजी घेत नाही, आणि वर त्याला आपुलकी म्हणतो. माझ्या त्या आपुलकीची किंमत तिसऱ्याच माणसाने बोटांनी आणि डोळ्याने चुकवली.

निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून डॉक्टरांची माफी मागायला जायचं ठरवलं. या वेळी आधी फोन केला. किती वाजता येऊ, तुमच्या कामात व्यत्यय तर नाही ना, असं विचारलं.



“या हो, केव्हाही या,” डॉक्टर म्हणाले. “आता मी काही करत नसतो.”