गायरानातल्या बोरींचे मंडळ

प्रेमदास राठोडला स्वस्थ बसलेले पाहिल्याचे तांड्यात कुणाला आठवत नसे. जेवताना तो ताटावरून उठून दाराशी जाई, रस्त्याने एखादे पोरगे चालले आहे का ते पाही आणि परत येऊन उरलेली भाकरी मोडी. त्याच्या या उठबशीला आई धुरपताबाई इतकी वैतागली होती की ताट दाराशीच वाढू लागली.

१९९६ साली त्याने तांड्यात युवक मंडळ काढले, तेव्हा तो पंचविशीत होता. नोंदणी झाली, व्हॉलीबॉलची जाळी आली, उद्घाटनाचा फोटो निघाला. मग दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला गेला आणि चैत्रात परतला, तेव्हा जाळी उंदरांनी कुरतडली होती व सभासद फक्त फायलीत उरले होते. पुढची दोन वर्षेही हेच घडले. अर्धे वर्ष बाहेर काढणाऱ्या तरुणांचे मंडळ टिकवायचे तरी कसे, हा एकच प्रश्न त्याला पोखरत राहिला.

परभणीच्या एका शिबिरात त्याने रानबोरीवर चांगल्या जातीचा डोळा भरताना पाहिले. उन्हाळ्यात बोर खुंटापर्यंत छाटायची, पावसाबरोबर फुटलेल्या धुमाऱ्याच्या सालीत डोळा, म्हणजे चांगल्या फांदीवरचा बारीक कोंब, बसवून पट्टी बांधायची. तीन आठवड्यांत तो जगला की मेला ते कळते. माणसे गेली तरी झाड जागचे हलत नाही, एवढा आधार त्याला पुरेसा वाटला.

हिंगोली परभणीपासून वेगळी झाली त्याच उन्हाळ्यात, १९९९ साली, गायरानाच्या उतारावरच्या चाळीस बोरी छाटण्यासाठी त्याने हाक दिली. भाषणाला चार जण येत. कुऱ्हाड धरायला चौदा आले, त्यांत संगिता आणि निता या तांड्यातल्या पोरीही होत्या. दुसऱ्या दिवशी कुणी साहेब पाहणीला येणार, म्हणून प्रेमदासने छाटलेल्या फांद्यांचा ढीग पेटवून उतार स्वच्छ करून घेतला. साहेब आलेच नाहीत.

आठ दिवसांनी पंचफुलाबाई तांड्यावर आली. उताराखाली शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या धनगर घरातली ती कर्ती बाई.

“काहून जाळली रे माझी काटी?”

“तुमची कशी, मावशी? गायरान सरकारचं हाय.”

“गायरान सरकारचं, काटी वाडग्याची. दर साली त्याच बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण करून कोकरांचं वाडगं बांधतो आमी. परवा लांडग्यानं दोन नेली. आता वाडगं तुज्या फायलीनं झाकू का?”

प्रेमदासने आवाज चढवून तिला गायरानाचे नियम ऐकवले. ती निघून गेली, आणि मृगानंतर बोरींना लुसलुशीत धुमारे फुटले तेव्हा एका सकाळी तिच्या शेळ्या उतारावर चढल्या. दुपारपर्यंत एकही धुमारा शिल्लक राहिला नाही.

प्रेमदासने आधी सरपंचाचे घर गाठले, मग तलाठ्याचे, मग सायकल तालुक्याच्या गावी, कळमनुरीकडे दामटली. तक्रारीचे तीन अर्ज झाले, चौथा तो लिहीत होता. इकडे मंडळात चौदाचे नऊ झाले होते. त्या चौथ्या अर्जाच्या वेळी संगिता समोर येऊन उभी राहिली.

“भाऊ, काटी आपण जाळली ना? मग ती भरून देऊ.”

“मी तिला काय काय बोललो, ठाऊक हाय ना तुला?”

“हाय. म्हणून तर तुमी पुढं चला.”

आपापल्या बांधावरच्या बाभळी छाटून, दोराने ओढत त्यांनी काट्या उताराखाली नेल्या. “मंडळात आलो का सालगडी लागलो?” असे मंडळातला हरिचंद वाटभर कुरकुरत होता. वाडग्याशी पोहोचल्यावर पोरांनी मोठ्या उत्साहाने फांद्या रचल्या, त्या बुडखे बाहेर आणि काटे आत करून. पंचफुलाबाईने कपाळाला हात लावला.

“लांडगा बाहेरून येतो रे, का तुमच्या तांड्यात आतून येतो?”

“आमच्याकडं तो फिरकतच न्हाई, मावशी,” हरिचंद म्हणाला. “प्रेमदास भाऊ त्याला बी सभासद करून टाकतील.”

म्हातारी खदखदून हसली. प्रेमदासला हसू यायला थोडा वेळ लागला. मग त्याने दोन कोकरांबद्दल तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तिची एकही शेळी उताराकडे वळली नाही.

बोरींना पुन्हा फूट आली. डोळे भरायच्या दिवशी पंचफुलाबाईची नात सुकन्या येऊन बघत उभी राहिली आणि बघता बघता निताच्या हातचा चाकू तिने घेतला. कोकरांच्या खुरांतले काटे काढून तिची बोटे इतकी हलकी झाली होती की साल तिच्या हाताखाली आपोआप उघडल्यासारखी वाटे. प्रेमदास अडखळला. मंडळाच्या घटनेत सभासद तांड्याचाच रहिवासी हवा, असे त्यानेच लिहिले होते.

“तुझं नाव कुठं घालायचं, हेच बघून राहिलो.”

“नाव मागून घाला,” ती मान वर न करता म्हणाली. “डोळा सुकून राहिला.”

पुढचे तीन आठवडे त्याला खाणे गोड लागेना. पाचव्याच दिवशी न राहवून त्याने एक पट्टी सोडून पाहिली आणि तो डोळा मेला. मग संगिताने त्याला उतारावर यायची बंदी केली. मुदत भरली तेव्हा सव्वीस डोळे हिरवे निघाले.

दिवाळी उलटताच ऊसतोडीचा ट्रक आला. टपावरच्या बोचक्यांत बसूनही प्रेमदासची चुळबुळ थांबत नव्हती. सव्वीस बोरी त्याने सुकन्याच्या स्वाधीन केल्या होत्या, पण घटना बदलायची बैठक मात्र राहूनच गेली होती. ट्रक उताराजवळून वळला तेव्हा ती तिथे दिसली. तिच्यासोबत धनगरांची आणखी पाच-सहा पोरेपोरी होती, ज्यांतल्या एकालाही त्याने कधी बोलावले नव्हते. डोळ्याखालून फुटणारी रानटी फूट खुडायची की ठेवायची, यावर त्यांचा कडाक्याचा वाद चालला होता.

“खुडा!” प्रेमदास उभा राहून ओरडला. “खालची सगळी खुडा!”

कुणी वर पाहिले नाही. सुकन्या एका पोराच्या हातावर चापट मारून त्याला फूट कुठली आणि डोळा कुठला ते दाखवत होती.

“बसा, भाऊ,” हरिचंदने त्याचा सदरा ओढला. “त्यांची बैठक चालू हाय.”

ट्रक डांबरी रस्त्याला लागला. प्रेमदास उभाच होता.