काठ न घातलेलं दुपटं

लेसकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी काठ बघायच्या. आपण 'बसा' म्हणेपर्यंत टीव्हीवरचा विणलेला रुमाल त्यांच्या हातात उलटा झालेला असायचा. "मधलं बरं जमलंय," एवढंच बोलून त्या खुर्चीत टेकल्या की समजायचं, काठ फसलाय. कॉलनीतल्या बायका मागून बोटं मोडायच्या. पण घरात पाळणा हलणार असं कळलं की त्याच बायका लोकर घेऊन काकूंच्या दारात उभ्या राहायच्या. जाळीच्या विणीचं दुपटं आमच्या तळवड्यात काकूंसारखं कुणालाच जमत नव्हतं.

काकू लातूरकडच्या. यजमान चाकणच्या कारखान्यात, प्रेस शॉपला, मुलगा महेश कॉलेजात. त्यांची आणि आमची भिंत एक. आम्ही बौद्ध, आणि ते स्वतःला वरचे समजणारे. हे मला इथं सांगायचं नव्हतं, पण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

विणकाम मी त्यांच्याकडूनच शिकले आणि भरपूर बोलणी खाल्ली. काठ घालायला त्या नेहमीच्या सुईपेक्षा जाड सुई घ्यायला लावायच्या. "हात आवळू नको गं वैशे. काठ आवळला की जाळी उघडायचीच न्हाई, सगळं दुपटं वाटीवानी गोळा हुतंय." तरी मी आवळायचेच, आणि त्या निर्दयपणे सगळा काठ उसवायच्या. काठ जमला की दुपटं भिजवून, पिळून पलंगावर ताणायचं आणि एकेका कंगोऱ्याला टाचणी लावायची. तेवढ्यात पाळी संपवून यजमान यायचे. ते बिचारे खाली सतरंजी पसरत म्हणायचे, "माझ्या घरात पलंग दुपट्याला आणि जमीन मला." काकू मान वर न करता म्हणायच्या, "तुम्हाला ताणून काय फायदा?"

त्यांचा एक नियम होता. बाळ मांडीवर घेतल्याशिवाय दुपट्याचा काठ बंद करायचा नाही. टाके सुईवर तसेच ठेवायचे, मूल जन्मलं की जायचं, त्याला मांडीवर घ्यायचं आणि तिथंच काठ घालायचा. पहिलटकरीण असताना त्यांनी हौसेनं आधीच सगळं पुरं करून ठेवलं होतं आणि ते मूल राहिलं नाही. तेव्हापासून हे. माझा रोहन झाला तेव्हा पिशवीत सुया घालून त्या आल्या, त्याला मांडीवर आडवा घेतला आणि गुणगुणत कंगोरे विणत बसल्या. मग माझ्या स्वयंपाकघरात पिठलं-भाकरी खाल्ली. माझी सासू जरा संकोचली होती, तर म्हणाल्या, "लेकराला कसली जात आलीय, आक्का?" त्या दिवशी मला त्या माझ्या आईहून जवळच्या वाटल्या.

महेश नोकरीला लागला आणि प्रज्ञाला घरी घेऊन आला. त्याच्याच कंपनीतली, हुशार, बोलायला गोड. बौद्ध. काकूंनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन रडल्या. मी म्हटलं, "काकू, माझ्या घरात जेवता ना तुम्ही?" तर म्हणाल्या, "शेजार येगळा, सोयरीक येगळी." माझ्या खुर्चीत बसून, माझ्या कपातला चहा पीत म्हणाल्या. मला भयंकर चीड आली. त्यांनी मात्र चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मग गेल्या.

लग्न झालं, पोरांनी निघोज्याला फ्लॅट घेतला. प्रज्ञाला दिवस गेल्याची बातमी मीच काकूंना सांगितली. आठवडाभरात त्यांच्या हातात पांढरीशुभ्र लोकर दिसली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. आजवर विणली नव्हती अशी नाजूक जाळी होती.

मुलगी झाली. मी जाऊन बघून आले. "काकू, नाक अगदी तुमचं घेतलंय."

सुया थांबल्या. "रंग कसा हाय?"

"जाऊन बघा की."

"बोलावणं आल्यावर जाईन."

बोलावणं आलं. प्रज्ञा ओली बाळंतीण, पोरीला आईपाशी ठेवून बारशाचं सांगायला स्वतः आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून वाकून नमस्कार केला. बारशाच्या दिवशी काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, सुया पिशवीत घातल्या, चपला पायात सरकवल्या. मी रिक्षा थांबवून ठेवली होती. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावकी काय म्हणंल गं?" मग चपला काढून आत जाऊन बसल्या. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. त्यानंतर दर सणाला त्या पिशवी भरायच्या आणि दर सणाला काहीतरी निघायचं. गुडघे, पाहुणे, अमावास्या.

गेल्या थंडीत काकू बसल्या जागी गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर महेश दुपटं घेऊन माझ्याकडे आला. सुई अजून टाक्यांतच होती. "ताई, काठ तुम्ही घाला. आमच्या सईला तिच्या आजीची काहीतरी आठवण राहू दे."

काकूंच्या नियमाप्रमाणे तो हक्क माझा होता. सईला मी कितीदा मांडीवर घेतलं होतं. मी जाड सुई काढली, उजेडात बसले आणि मग नीट बघितलं. शेवटची ओळ परतपरत उसवून विणलेली होती. तेवढ्याच भागातली लोकर पिंजली होती, मळली होती. बाकी दुपटं दुधासारखं. म्हणजे ही बाई रोज काठापर्यंत येत होती आणि रोज मागं फिरत होती. मला रडू आलं आणि रडतारडताच मी त्यांना शिव्या दिल्या.

काठ मी घातला नाही. टाके उसवू नयेत म्हणून जाड दोऱ्यात ओवून घेतले, गाठ मारली आणि दुपटं निघोज्याला देऊन आले.

सई आता शाळेत जाते. दुपटं तिच्या बाहुलीला. परवा तिनं ते माझ्यापुढे धरलं. "याला काठ का नाही?"

मी काही बोलायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "आजीला वेळ नाही मिळाला, बाळा."

भली पोर आहे प्रज्ञा. पण वेळ होता. तळवडे आणि निघोज्याच्या मधे इंद्रायणीचा एक पूल आहे, आणि रिक्षा आमच्या दारावरून जाते.