निळ्या झग्याची पाठ

स्टुडिओत रिळं दोन जातींची असत. एक डब्यात बसून गावोगाव जायचं, टाळ्या खायचं. दुसरं रीळमावशीच्या गळ्यात. दोरीत ओवलेली दोऱ्याची रिळं ती माळेसारखी घालायची. एक काळं, एक पांढरं आणि त्या दिवशी शूटिंगला जो कपडा असेल त्या रंगाचं. चालताना ती एकमेकांवर आपटायची. मेकअपच्या खोलीत कुणाची उणीदुणी काढणं चाललं असलं, तर ती टकटक ऐकून मावशी दाराशी पोचायच्या आत सगळ्यांच्या तोंडांना टाके पडायचे.

तिचा नवरा तिथलाच सुतार. राजवाडे उभे करायचा. "आमच्या ह्यांचा राजवाडा पुढून बघायचा," ती सांगायची, "मागं गेलात तर खिळा घुसेल." असाच एक राजवाडा उभारताना तो वरच्या फळीवरून पडला आणि गेला. मालकांनी, म्हणजे ज्यांचा पैसा सिनेमात होता त्यांनी, दया आली म्हणून म्हणा की बोभाटा नको म्हणून म्हणा, तिला कपडेपटात घेतलं. कडेवर पोर, डोळ्यांत पाणी, पण हातात टाका असा की भिंग घेऊन शोधला तरी सापडू नये. उभी हयात तिनं तिथं काढली. किती हिरॉइनी आल्या, फुलल्या, आटल्या. एकीचा परकर उसवून तो दुसरीच्या मापाचा करायचं काम तिच्याकडेच असायचं, त्यामुळे कुणाचे दिवस भरलेत हे वर्तमानपत्राच्या आधी तिला कळायचं.

आता ते सगळं मागं पडलं. मुलाच्या घरी पुढच्या खोलीत मशीन आहे. शेजारपाजारच्या पँटी आखूड कर, कुणाच्या पिशवीला चेन बसव, असं चालतं. गुडघे कुरकुरतात. पण गळ्यात रीळ आहेच. सून तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ.

"आई, वर गेल्यावर देवाचंसुद्धा माप घ्याल तुम्ही."

"घेईन की. बसून बसून त्याचंही पोट सुटलंच असेल."

त्या दुपारी हे असंच चाललं होतं आणि दाराशी गाडी थांबली. उतरली ती बाईंची पुतणी. बाई म्हणजे कोण हे त्या घरात सांगावं लागत नसे. एके काळी सगळा मुलूख त्यांना 'छडी' म्हणायचा. साबणाच्या जाहिरातीत त्यांच्या कमरेभोवती दोन पंजे दाखवले होते, बोटाला बोट टेकलेलं. ती जाहिरात बघून घरोघरच्या पोरींनी पट्टे आवळून घेतले होते.

पुतणी खुर्चीच्या टोकावर टेकली. "मावशी, आत्यानं बोलावलंय तुम्हाला. निळा झगा घरी आलाय."

मशीनचं चाक मावशीनं हातानं थांबवलं.

पुतणीनं सांगितलं ते असं. हा झगा ज्यात होता त्या जुन्या चित्रपटाचा मोठा सोहळा होता. जुन्याच थिएटरात खेळ, नंतर बाईंचा सत्कार. झगा आजवर एका संग्रहालयात काचेच्या पेटीत होता, तो खास मागवून घेतला होता. बाई तोच घालून स्टेजवर येणार, असं छापूनही आलं होतं. वर मथळा होता, 'छडी अजून तशीच'.

"आणि बसत नाही," मावशी म्हणाली.

"कसा बसेल? पाठीत एवढी फट राहते. आत्यानं जेवण टाकलंय. नुसतं सूप आणि काकडी. परवा जिन्यात बसली ती उठेचना. डॉक्टर ओरडून गेले, तर त्यांनाच म्हणाली, तेव्हा मला हा सैल व्हायचा, आता होत नाही म्हणजे माझीच लाज आहे." तिनं मावशीचा हात धरला. "तुमचं ऐकेल ती. त्या झग्यात तुम्हीच तिला घालायचात ना?"

मावशी उठली, कपाटातून बटणांचा डबा काढला आणि त्याच्या तळातून निळ्या कापडाची एक घडी घेऊन कनवटीला खोचली. सूनबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हे काय घेतलंत?"

"एक जुनं पाप."

"मग लवकर जा. पाप शिळं झालं की जास्त वास मारतं."

गाडीत मावशी मापाच्या टेपची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली, पण दिसत होता तो मेकअपचा मोठा आरसा, भोवती पेटलेले दिवे, आणि त्यात विशीतली एक पोर. केस मागं ओढून ओढून कपाळ मोठं केलेलं, भुवया काढून नव्या रेखलेल्या, एका दातावर टोपण. काहीच तिचं स्वतःचं ठेवलं नव्हतं, फक्त डोळे तेवढे सोडले होते. ती हसली की खोली उजळायची, आणि दिवसातून दोनदा तरी विचारायची, "रिळे, आज मी जाड दिसतेय का गं?"

झगा बेतायच्या दिवशी मालक स्वतः आले होते. "शिवणीत माया ठेवायची नाही," त्यांनी बजावलं. माया म्हणजे पुढंमागं सैल करता यावं म्हणून आत सोडलेलं जादा कापड. "सैल करायची सोयच नको. झगा बसला तर ही, नाही बसला तर दुसरी उभी आहे." रोज संध्याकाळी झगा कपडेपटात परत जायचा आणि तिथला म्हातारा शिवणी चाचपून बघायचा, कुणी उसवल्या तर नाहीत ना.

पोरीनं खाणं सोडलं. काळी कॉफी आणि सिगारेट. गाण्याच्या पहिल्याच दिवशी, दिव्यांच्या भट्टीत, नाचता नाचता तिची मान हळूच खाली गेली, पापण्या मिटल्या, एक हात खांबाला टेकला. "वा! काय लाजली!" कॅमेरामन ओरडला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं त्या लाजण्यावर लोकांनी कविता केल्या, लग्नाळू पोरींनी आरशापुढं तशी मान घालायची सवय केली. त्या खांबामागं गुडघ्यावर बसून तिला मागून धरणाऱ्या रीळमावशीला तेवढं माहीत होतं, की ती शुद्ध हरपत होती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं झग्याची पाठ मधोमध उसवली आणि आत जोड घातला. कापड होतं नवऱ्याच्या शेवटच्या राजवाड्याच्या पडद्याचं. रंग थोडा फिका, पण डोक्यावरून लांब ओढणी लोंबायची, ती सगळं झाकायची. सकाळी कच्च्या टाक्यानं जोड लावायचा, संध्याकाळी सोडवायचा, शिवण होती तशी करून झगा म्हाताऱ्याच्या हवाली. म्हातारा चाचपायचा आणि मान डोलवायचा.

आणि पोरीला काय सांगितलं? तर, "बाई, फारच वाळलात. सैल होतोय, मागून चिमटे मारते." खोटं पचावं म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे खरोखर आतल्या अस्तराला लावायची, टक्, टक्. तो आवाज ऐकून पोरीचा जीव भांड्यात पडायचा. "मग एक अंडं खाऊ?" "दोन खा. झगा घसरला तर अब्रू माझी जाईल." दाराला कडी घालून दोघी जणी उकडलेली अंडी आणि पाव खायच्या. मिठाची पुडी मावशीच्या टेपशेजारी असायची. तेवढे महिने काय सुखाचे होते! पोर गाणी म्हणायची, मालकांच्या चालण्याची नक्कल करायची, हसून हसून डोळ्यातलं काजळ घालवायची.

मग चित्रपट लागला आणि पोर 'छडी' झाली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. थोडी वर्षं गेली आणि ज्या हिरोच्या गळ्यात पडायची, त्याच्याच आईचं काम घेऊन लोक आले. "परवापर्यंत ज्याच्या मिठीत होते, त्याला बाळा म्हणू?" बाईंनी त्यांना दार दाखवलं, आणि पुढं स्वतःही दाराबाहेर पडेनाशा झाल्या.

बाईंच्या दिवाणखान्यात भिंतभर फोटो होते, सगळे त्याच काळातले, सगळे पुढून काढलेले. आरसा मात्र एकच, आणि तोही चेहऱ्यापुरता. सोफ्यावर निळा झगा पसरला होता आणि शेजारी बाई. गाल बसलेले, हाताच्या शिरा वर आलेल्या.  मान हळूच घसरत होती; खांबाजवळची ती मान मावशीनं ओळखली.

"आलीस, रिळे? बघ तुझी छडी. पार सोटा झालाय."

"सोटा तर सोटा. टेकायला तरी येतो."

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "अजून आठवडा आहे. होईन मी तेवढी. तेव्हा तर चिमटे लावावे लागायचे, आठवतं?"

"आठवतं," मावशी म्हणाली.

"मग नुसतं हो काय म्हणतेस? सांग ना हिला. हिला वाटतं मी थापा मारते."

पुतणी मावशीकडे बघत होती. आता गप्प बसलं तर बाई आठवडाभर उपाशी, आणि पुढं काय, ते जिन्यानं सांगितलंच होतं. बोललं तर बाईंजवळ उरलेली एकुलती एक दौलत आपल्याच हातानं उसवायची. मावशीनं कनवटीची घडी काढली आणि झग्याच्या पाठीवर ठेवली.

"हे काय?"

"जोड. तुमच्या पाठीतला. झगा तुम्हाला कधीच बसला नव्हता, बाई. तेव्हासुद्धा नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. पडदा, कच्चा टाका, संध्याकाळचं सोडवणं, अस्तराला लावलेले चिमटे. बाई ऐकत होत्या. मधे एकदा त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अंडं खाल्लं असतंत?"

"आणि नंतर? सिनेमा लागल्यावर?"

"नंतर सगळा मुलूख तुमच्या कमरेचं कौतुक करत होता. मी कोण मधे सुई टोचणारी?"

"तू कोण?" बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि सोफ्याचा हात धरून सावरल्या. "अगं, रोज सकाळी उठून मी त्या पोरीशी माप जुळवत आले. रोज हरले. तिच्यावर जळले मी, रिळे. मूल नको म्हटलं, कंबर जाईल म्हणून. त्यासाठी नवरा गेला तर जाऊ दिला. आणि तू आज सांगतेस, ती कंबर नव्हतीच? पडद्याचं फडकं होतं?"

मूल नको म्हटल्याचं मावशीला आजवर ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडाला खरोखरच टाके पडले. एवढ्या वर्षांत कुणी उपकार म्हटलं असतं तर तिनं मान खाली घालून मानून घेतलं असतं. आज तिला खाली घालायला मानसुद्धा सापडेना.

बाई आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

पुतणी पुटपुटली, "चुकलंच का आपलं?"  मावशी झग्याजवळ जमिनीवर बसून राहिली, गुडघे ओरडत होते तरी. सवयीनं बोटं शिवणीवर फिरली. जिथं ती रोज उसवायची, तिथं सुईची बारीक भोकं अजून दिसत होती. काचेच्या पेटीपुढं उभं राहून हजारो लोकांनी झगा पाहिला असेल, पण पाठ भिंतीकडे. राजवाडा पुढून बघायचा.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बाईंनी तोंड धुतलं होतं. डोळे सुजले होते. त्यांनी जोडाचं कापड उचललं, उजेडात धरलं.

"रंगसुद्धा जुळत नाही मेला."

"ओढणीखाली कोण बघतंय म्हटलं."

"एवढ्यानं होईल?"

"तेव्हा दुमडून लावत होते. आता उलगडून लावीन. होईल."

"लाव मग."

मावशीनं गळ्यातलं निळं रीळ पुढं ओढलं, सुईत दोरा ओवायला लागली. "कच्चाच घालते. कार्यक्रम झाला की सोडवून, होता तसा करून देऊ त्यांना."

"नाही." बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पक्का घाल. आत मशीन आहे, त्याच्यावर. पेटीत परत जाईल तो असाच जाऊ दे. आणि ओढणी घरी राहील."

"बाई, स्टेजवर पाठ दिसेल. लोक बोलतील."

"बोलू देत. इतकी वर्षं पुढूनच बोलत आले." त्यांनी जोडाचं कापड मावशीच्या हातात दिलं. "मी तुला माफ केलेलं नाही हं, रिळे. आधीच सांगून ठेवते."

"नका करू," मावशी म्हणाली. "पण हात वर करा. माप घेऊ दे."

बाईंनी हात वर केले. मावशीनं टेप फिरवला, आकडा बघितला आणि कुणालाही न सांगता टेप गुंडाळला. आतल्या खोलीत जाऊन तिनं मशीनवरचं कापड झटकलं, तेलाचा थेंब सोडला आणि जोड पाठीत बसवला. चाक फिरलं. जुन्या भोकांवरून नवा टाका दणदणत चालला.

मधेच आवाज थांबवून तिनं कान दिला. स्वयंपाकघरात पातेल्यात काहीतरी खदखदत होतं. पुतणी म्हणत होती, "आत्या, थांब, भाजेल, मी सोलून देते." आणि त्यावर, त्या विशीतल्या पोरीच्या अधीर आवाजात, बाई ओरडल्या,

"अगं, मीठ कुठंय या घरात?"

"मी आणलंय," मावशी मशीनवरूनच ओरडली आणि पिशवीत टेपशेजारी हात घातला.