दारात अडकलेलं गिऱ्हाईक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते शिवाजी पेठेतल्या चप्पलवाल्या काकांचे. आमच्या घरात पुस्तक उघडायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी दुकानाचा माळा मला दिला. घराण्यातला पहिला पदवीधर मी तिथे बसून झालो.

काका गिऱ्हाइकाला आधी आत बसवत आणि चपलेचं नंतर बोलत. कुणी पायरीवर घुटमळलं, तर स्वतः उठून हाताला धरून आणत.

पुढे मी पुण्यात वेबसाइट बनवायच्या नोकरीला लागलो. एका दिवाळीत घरी गेलो, तेव्हा काकांनी कुणाकडून तरी करून घेतलेली दुकानाची वेबसाइट मला मोबाइलवर दाखवली. ती मोठ्या कॉम्प्युटरपुरतीच केलेली होती. छोट्या पडद्यावर चपलेची नुसती टाच दिसत होती. फोन नंबर सापडेपर्यंत काका अंगठ्यानं पान सरकवत राहिले.

"लेका, मानूस दारात आलाय आन् आत यायला वाटच न्हाय की! थांबंल व्हय गिऱ्हाईक? बाहेरगावची मानसं तुटली बघ माझी."

पुण्याला परतून मी ती वेबसाइट नव्यानं केली आणि काकांना पत्र पाठवलं:

"काका, सा. न. आता तुमचं दुकान मोबाइलवर पूर्ण दिसतं. नंबर सगळ्यांत वर घेतलाय. त्यावर बोट टेकवलं की थेट तुम्हालाच फोन लागतो. काल ऑफिसच्या मोबाइलवरून पहिला फोन मीच लावला होता. तुम्ही विचारलंत, 'बोला पावणं, कुठल्या गावचं?' त्याचं उत्तर आता लिहितो: तुमच्याच माळ्यावरचा."