उघड्या डोळ्यांची प्रार्थना

कर्वेनगरच्या यमुनाबाई रणपिसे प्रार्थनेला बसल्या की चहा गार होणार, हे त्यांच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक. कुणाचा व्हिसा, कुणाचा गुडघा, कुणाच्या लेकीचं लग्न, एक विनंती सुटायची नाही. डोळे मिटायचा अवकाश, बाईंची गाडी सुरू! चर्चचे पंच भीमराव तर विनंत्या सांगून मोकळे व्हायचे. पुढचं देव आणि यमुनाबाई बघून घेतील.

अशा बाईंची प्रार्थना यंदा आटली. डावा डोळा लहानपणीच गेलेला, आणि आता उजव्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावंच लागेल. पण आजी, डोळा एकच आहे, जोखीम आधीच सांगून ठेवतो." झालं! त्या दिवसापासून डोळे मिटले की बाईंच्या छातीत धस्स होई. हाच अंधार कायमचा आला तर? मग तोंडून एवढंच निघे, "प्रभू, डोळा वाचव." पुढे शब्दच नाहीत. गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेत पाळी आली की त्या "घसा बसलाय" म्हणून वेळ मारून नेत. खोटं बोलल्याची लाज वाटायची, पण भीती लाजेहून मोठी होती.

ऑपरेशन झालं. पट्टी काढताना बाईंनी सुनेचा, उल्काचा हात असा आवळला की तिच्या बांगड्या तिलाच रुतल्या. आधी नुसतं पांढरं दिसलं, मग धुरकट, आणि मग एकदम उल्काचं नाक.

"अगं, हा तीळ कधी आला नाकावर?"

"अहो आई, जन्मापासून आहे!" उल्का हसता हसता रडायला लागली.

"सुटले रे देवा!" बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

घराशी रिक्षातून उतरल्या, तर फाटकाजवळ बुचाचं झाड. गेली काही वर्षं ते त्यांच्या लेखी नुसता हिरवा ढीग होतं. आता पान न् पान सुटं दिसत होतं. लांब देठाचं एक पांढरं फूल गिरक्या घेत खाली आलं. बाई जागच्या हलेनात. काही मागावं असं सुचेचना. इतकी वर्षं देवाच्या दारात जाऊन आपण नुसती आपली कामं सांगत आलो, त्याचं घर कधी मान वर करून पाहिलं नाही, असं वाटून त्यांना भरून आलं.

गुरुवारी मंडळी त्यांच्याकडेच जमली. भीमरावांनी विनंत्या सांगितल्या, शेवटी आपल्या मुलाच्या, रणजितच्या नोकरीची. "चला, डोळे मिटू या. यमुनाबाई, सुरू करा."

सगळ्यांनी मिटले. बाईंनी मिटले नाहीत. खिडकीतून झाड दिसत होतं.

"प्रभू, हे बुचाचं फूल तू केलंस. देठ एवढा लांब कशाला, ते तुझं तुला माहीत. आमच्या उल्काचा तीळ तू केलास. त्या वायरवरच्या बुलबुलाच्या शेपटीखाली लाल रंग तू भरलास. तिथं कोण बघायला जाणार होतं? तरी भरलास. आम्ही बघत नव्हतो, तेव्हाही तू करतच होतास. धन्य आहेस बाबा! आमेन."

"बाई, डोळे उघडे ठेवून प्रार्थना?" भीमराव म्हणाले.

"ते तुम्हाला मिटल्या डोळ्यांनी दिसलं वाटतं?"

उल्का फिस्सकन हसली. भीमरावांनी घसा खाकरला. मग खाली बघत ते हळूच म्हणाले, "पण रणजितचं राहिलं हो. पोरगा जेवतसुद्धा नाही धड."

बाईंचं हसू मावळलं. "अगं बाई, राहिलंच की! बसा, भीमराव."

आणि त्यांनी डोळे मिटले. क्षणभर त्या धस्स होण्याची वाट बघत राहिल्या. झालंच नाही. अंधार होता, पण आता त्याची भीती वाटत नव्हती.

"प्रभू, बुलबुलाच्या शेपटीकडेसुद्धा तुझं लक्ष," त्या म्हणाल्या, "तू आमच्या रणजितला विसरशील होय?"

मग गाडी जी सुरू झाली, ती सगळ्यांचे व्हिसा आणि गुडघे घेऊनच थांबली. चहा पार गार झाला. भीमरावांनी तो तसाच, एका घोटात पिऊन टाकला.