दीनियासच्या शालीवरचा गेरू

अथेन्समध्ये ओढ्याकाठच्या गल्लीत शिरले की आधी गंधकाच्या धुरीचा वास यायचा आणि मग सिमिलोस परटाचे हसणे ऐकू यायचे. अर्ध्या गावाच्या लोकरी शाली तो पांढरी माती घालून पायांनी तुडवायचा आणि धुरी देऊन लख्ख करायचा. त्याची स्वतःची शाल मात्र त्याच धुरीने जागोजागी जळून माशांच्या जाळ्यासारखी झाली होती. म्हणून नगरसभेच्या दिवशी तो एखाद्या गिऱ्हाइकाची धुतलेली शाल पांघरून जायचा.

"अंगावर घेतली की सुरकुत्या मोडतात," असे तो बायकोला सांगायचा.

"एक दिवस अब्रू मोडेल," मिक्का म्हणायची.

तो दिवस उजाडला तेव्हा दोरीवर दीनियासची शाल वाळत होती. दीनियास दिवे घडवणारा, कडक माणूस. शालीला त्याच्या बायकोने विणलेला जांभळा काठ, त्यामुळे शाल गावभर ओळखीची. संध्याकाळी तीच पांघरून तो सिमिलोसच्या लेकीचे, लिसिलाचे, आपल्या मुलाशी लग्न पक्के करायला येणार होता. "सभेला जायची टाळाटाळ करणाऱ्या, शिपायांच्या गेरूच्या दोराने रंगणाऱ्या घरात मी सोयरीक करायचो नाही," हे त्याने आधीच बजावले होते.

"आज तरी ती नको हो," मिक्का म्हणाली.

"दुपारच्या आत परत दोरीवर," असे म्हणत सिमिलोस शाल खांद्यावर टाकून निघालासुद्धा.

बाजारचौकात कोपाइस तळ्यातले वाम मासे आले होते, जाड आणि चकचकीत. सिमिलोस तिथे थबकला. हे मासे कसे भाजावेत यावर शेजाऱ्याशी त्याचा वाद रंगला. तेवढ्यात सिथियन शिपायांनी नेहमीप्रमाणे गेरूत बुडवलेला दोर दोन्ही टोकांनी ताणून धरला आणि रेंगाळणाऱ्यांना टेकडीवरच्या सभेकडे हाकायला सुरुवात केली. ज्याच्या अंगाला गेरू लागला, तो सभेला टाळाटाळ करणारा ठरायचा. माणसे पळाली. सिमिलोस मात्र "बीटाची पाने गुंडाळली तरच," असे म्हणत पाठमोरा उभा राहिला. दोर पाठीवर बसला, सपकन.

"अरे बघा, दीनियास रंगला!" मागून कोणीतरी जांभळा काठ ओळखून ओरडले. "जन्मात पहिल्यांदा!"

हसण्याचा नुसता गदारोळ उठला. सिमिलोसने शाल डोक्यावरून ओढून घेतली, तोंड लपवले आणि सभा सोडून बोळाबोळाने घर गाठले.

मिक्काने त्याची पाठ पाहिली. "देमेतरमाते! आता हो?"

"आता तुडवायचं."

माती झाली, राख झाली, कोपऱ्यातल्या रांजणात डाग काढायला साठवलेले मूत्रही झाले. सिमिलोस घामाघूम होऊन नाचत राहिला. लिसिला हौदाच्या काठावर बसून पाणी ओतत होती.

"बाबा, जरा बेताने. माझं लग्न आहे पायाखाली."

दिवस कलताना शाल दुधासारखी पांढरी झाली, धुरीवर वाळलीसुद्धा. सिमिलोसने घाम पुसला, तोच दारात दीनियास उभा राहिला. अंगात कामाचा सदरा, चेहरा दोरापेक्षा लाल.

"सिमिलोस, गाव वेडं झालंय का? जो तो दारात येतो नि विचारतो, काय दीनियास, रंगलास ना? अरे, मी आज घराचा उंबरा ओलांडला नाही!"

"म्हणजे सभेला गेलाच नाहीत, दादा?" मिक्काने हळूच विचारले.

दीनियासने आवाज उतरवला. "शाल तुमच्याकडे होती. जुनी पांघरून कसा जाऊ? आणि... जरा डोळा लागला."

सिमिलोसला राहवले नाही. "दादा, चूक माझी आहे. शाल मी पांघरली होती, रंगलो मी. सोयरीक मोडा हवी तर. आत्ता चौकात जाऊन सगळ्यांना खरं सांगतो."

"खबरदार!" दीनियासने त्याचा दंडच धरला. "मग मी कुठे होतो म्हणून सांगू? झोपलो होतो म्हणून? सभा चुकवणारा माणूस गावाच्या काही कामाचा नाही, असं मी रोज ऐकवतो लोकांना. त्यापेक्षा उशिरा गेलो, रंगलो, पण गेलो तरी! आण ती शाल."

सिमिलोसने शाल पसरली. दीनियासने उलटून पाहिली, पुन्हा सुलटून पाहिली.

"डाग कुठाय?"

"गेला."

"सगळा?"

"माझ्या हातून असा डाग कधी निघाला नव्हता, दादा."

"मेल्या, आजच बरी तुला कारागिरी सुचली! आता मी सभेला गेलो हे कशावरून?"

मिक्का पदराआड हसत शेजारच्या कुंभाराकडून वाटीभर गेरू घेऊन आली. दीनियास शाल पांघरून पाठमोरा उभा राहिला. सिमिलोसने ओढ्याकाठचा वाळवणाचा दोर गेरूत बुडवला, पण स्वतः धुतलेल्या शालीवर मारायला त्याचा हात उचलेना. शेवटी लिसिलाने दोराचे दुसरे टोक धरले.

"सरळ नको हं," सिमिलोस रडवेल्या सुरात म्हणाला. "खरा दोर तिरका बसतो. एवढे डाग काढलेत मी."

सपकन आवाज झाला. दीनियासने मान वळवून पाठ पाहिली आणि समाधानाने हुंकारला.

"हे गुपित परक्या घरात ठेवून कसं चालेल?" तो म्हणाला. "घरचाच माणूस पाहिजे. आण हात."

मग पाणी घातलेली वाइन आली, कुंभार साक्षीला आला आणि सिमिलोसने आपली लेक दीनियासच्या घराला दिली.

निघताना सिमिलोसने विचारले, "व्याहीबुवा, उद्या शाल धुवायला पाठवताय ना?"

"लग्न होईपर्यंत हात लावायचा नाही," दीनियासने दटावले आणि लांबची वाट धरून, चौकातून, सगळ्यांना पाठ दाखवत तो सावकाश घरी गेला.