पाण्याखालचं रान

माझं माहेर पाथर्डीकडचं. तिकडे मुलगी देताना मुलाचं तोंड नंतर बघतात, आधी विहीर बघतात. ऊसतोडीत जन्म घालवलेल्या माझ्या वडिलांनी कोल्हारचा कालवा बघितला आणि मला इथे देऊन टाकलं.

इथे पाण्याला तोटा नाही, तोच ताप आहे. कालव्याची पाळी आली की रानाला गरज असो नसो, पाणी घ्यायचंच. पाळी सोडणारा गावात येडा ठरतो. आमचं खालचं रान वर्षानुवर्षं चिंब आहे. मागच्या पावसाळ्यानंतर तिथला ऊस पिवळा पडला, तर सासऱ्यांनी वरून युरिया टाकला आणि पुन्हा पाणी भरलं.

नगरला मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. पदवी कपाटात साड्यांखाली आहे. एक दिवस मी त्या रानातलं ढेकूळ उकरून अंगणात आणलं. निळसर करडं, वास कुजक्या अंड्याचा. वारं लागल्यावर ते हळूहळू तांबूस झालं.

“मामा, ह्या मातीत हवाच नाही,” मी सासऱ्यांना सांगितलं. “हवा नसली की जिवाणू खतातल्या नत्रावर श्वास घेतात आणि त्याचा वायू करून उडवतात. ते संपलं की लोखंड, मग गंधक. हा वास त्याचाच. एक पाळी सोडू, चर खणू.”

ते रागावले नाहीत. “पानी सोडायचं आसतं व्हय, पोरी? तुज्या म्हायेरी इचार.”

मला जिवाणूंचा हेवा वाटला. हवा कोंडली तर ते दुसरं काहीतरी धरून जगतात. माझा नुसता जीव गुदमरतो.

मग ठरवलं, खरंच माहेरी विचारायचं. व्याह्यांचा शब्द सासरे मोडत नाहीत. दिवाळीनंतर वडील आले, तेव्हा त्यांना थेट खालच्या रानात नेलं. सरीत पाणी साचलेलं बघून त्यांनी चपला काढल्या आणि पाय चिखलात बुडवले. पायाशी बुडबुडे आले, वास सुटला. त्यांना तो आला नसेल, असं नाही.

“हितं तुज्या हातात कोयता न्हाई आला, बाई,” ते म्हणाले. “माज्या हातून येवढं एक काम नीट झालं. तुला काय कमी हाय का?”

“कमी काही न्हाई, दादा.”

दुपारी आमची पाळी आली. सासरे आणि वडील ओट्यावर बोलत बसले होते, म्हणून खालच्या रानात पाणी मीच सोडलं.